खोडलेलं वचन

"शेवटचं वचन खोडा," अमृत सर म्हणाले. "खालची प्रार्थनाही खोडा. देवाचं नावसुद्धा कुठे ठेवू नका."

वनिताबाईंनी शेवटचं पान काढून पाहिलं. विंझरला त्यांची पिठाची गिरणी. दळणं दळता दळता त्यांनी आयुष्यातली पहिली गोष्ट लिहिली होती. पुण्याच्या ख्रिस्ती मासिकाच्या स्पर्धेला पाठवण्याआधी सरांना दाखवावी म्हणून त्या नसरापूरला एसटी बदलून भोरला आल्या होत्या. पानांना अजून पीठ लागलेलं होतं.

सरांनी गोष्ट दोनदा वाचली. दोन जावा, त्यातली एक गिरणीवाली, तीन वर्षांचा अबोला. वीज जाते आणि दोघी दुपारभर गिरणीत समोरासमोर अडकतात. कुणी एक शब्द बोलत नाही. वीज येते, आणि गिरणीवाली रांग मोडून जावेची नाचणी आधी दळते. बस, एवढंच. त्यापुढे बाईंनी क्षमेवरचं बायबलातलं वचन आणि पाच ओळींची प्रार्थना जोडली होती.

सरांच्या पोटात दुखायला लागलं. अकरा वर्षं ते याच स्पर्धेला गोष्टी पाठवत होते. पहिल्या येणाऱ्याकडून आणखी गोष्टी लिहून घेऊन मासिक त्याचं पुस्तक काढायचं, आणि त्या पुस्तकासाठी सरांचा जीव तुटत होता. चर्चमध्ये सगळे त्यांना लेखक म्हणायचे. पुस्तक मात्र कुणी पाहिलं नव्हतं. आणि ही सातवी शिकलेली बाई पहिल्याच फटक्यात हे लिहून बसली होती. मत्सर हे पाप आहे, यावर सरांचीच एक गोष्ट होती. वचनासकट.

वचनाशिवाय संपणारी गोष्ट मासिकाने आजवर छापली नव्हती. हे सरांना पक्कं ठाऊक होतं. वनिताबाईंना नव्हतं.

"पण सर, मंग लोकांना देव कुठं दिसंल?"

"दिसायचा तर गोष्टीतच दिसेल," सर म्हणाले. वाक्य बरं जमलं, असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

बाईंनी तिथंच पेन मागून घेतलं. वचनावर रेघ मारली, मग प्रार्थनेवर.

तीन महिन्यांनी निकाल लागला. वनिताबाई पहिल्या. उपदेश न करता देवाजवळ नेणारी गोष्ट पहिल्यांदाच हाती आली, असं संपादकांनी लिहिलं होतं. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी बाईंना फोन करून विचारलं. बाईंनी सरांचं नाव सांगितलं.

मग मासिकाने भोरच्या चर्चमध्ये नवलेखकांसाठी शिबिर ठेवलं. मार्गदर्शक म्हणून बोलावलं अमृत सरांना. नाही म्हणावं असं सरांना एकदा वाटलं, पण फलकावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ते तासभर बोलले. लेखकाने प्रवचन देऊ नये. वाचकावर विश्वास टाकावा. आवडतं वाक्य आधी खोडावं. लोक वह्यांत भराभर उतरवून घेत होते. वनिताबाई पुढेच बसल्या होत्या, मांडीवर त्यांची गोष्ट छापलेला अंक. सरांची नजर सारखी त्या अंकावर जात होती.

शेवटी बाई उठल्या. "म्या काय लेखिका न्हाई. सरांनी खोडायला लावलं, म्हून झालं हे. सर, आता तुमचीबी अशी येखादी वाचून दावा की."

गोष्टींची फाईल सरांच्या पिशवीत असायचीच. त्यांनी सगळ्यात नवी गोष्ट काढली आणि खिशातलं पेन उघडलं. वचन खोडलं. प्रार्थना खोडली. मग आई मुलाला करते तो उपदेश खोडला. मुलाचा पश्चात्ताप तीनदा होता, तो तीनदा खोडला. पेन वर वर सरकत गेलं. लोक वाट बघत बसले होते.

पानावर शेवटी एकच ओळ उरली. लेखक : अमृत साळवे.