चौदा नंबरची जागा

"कौटुंबिकच लिही," टाचणीबाई म्हणाल्या.

ओठांत टाचणी धरून बोलायची त्यांची जुनी सवय. म्हणून तर पोरांनी हे नाव पाडलेलं. विद्यापीठाच्या कचेरीत बदल्यांचं टेबल त्यांचं, आणि त्या टेबलाला टाळून कुणालाही दुसऱ्या विद्यापीठात जाता येत नसे. समोरच्या मुलीचं पेन अर्जातल्या 'जाण्याचं कारण' या रकान्यावर अडलं होतं.

"कौटुंबिक लिहिलंस की चारच्या आत शिक्का. दुसरं काही खरडलंस तर अर्ज जातो चौकशीला. चौकशी संपेपर्यंत तू इथेच, त्याच विभागात, त्याच जागेवर. आणि तिकडची मुदत आजचीच ना?"

आजचीच होती. साडेतीन वाजून गेले होते. मुलीने 'कौटुंबिक' लिहिलं.

कुटुंबाचा काय संबंध हो? कुटुंब बिचारं लांब आपल्या गावी होतं. संबंध होता तो प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीचा. चौदा नंबरची जागा म्हणजे शिष्यवृत्तीची, सगळ्या विभागात एकच. जिला ती मिळेल तिने रोज दुपारी विभागप्रमुख सरांच्या हाताखाली त्या खोलीत काम करायचं. पहिले दोन महिने दार उघडं असायचं. मग सर ते लोटून घेऊ लागले. मग आतून कडी. हात आधी खांद्यावर आला, आणि तिथे थांबला नाही. "घाबरतेस काय वेड्यासारखी?" सर हसून म्हणायचे. हसणंच जास्त भयंकर होतं.

तिने आईला अर्धंमुर्धं सांगितलं. उरलेलं आईला कळलं. आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. तू निघ तिथून. बस्स."

सकाळी ती सरांकडे ना-हरकतीची सही मागायला गेली. वाटलं, अडवतील. सरांनी कागद वाचलासुद्धा नाही. सही केली, पेनला टोपण लावलं. "जा, सुखी राहा. कचेरीत तेवढं सांग, जागा आजच भरा म्हणावं. काम अडतंय." इतक्या सहज! तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

टाचणीबाईंनी कपाटातून एक फाईल काढली. वर मुलीचं नाव नव्हतं. नुसताच आकडा होता, चौदा.

"ही माझी फाईल?"

"जागेची. या कचेरीत माणसांच्या फायली नसतात, जागांच्या असतात. माणसं काय, येतात-जातात."

बाईंनी तिचा अर्ज वर ठेवला आणि टाचणी लावण्यासाठी खालचे कागद सारखे केले. तेवढ्यात मुलीला ते दिसले. पाच अर्ज. पाच वेगवेगळी अक्षरं, सगळी मुलींची नावं, आणि कारणाच्या रकान्यात पाचही जणींचं एकच, कौटुंबिक.

त्या पाचांतल्या सगळ्यात वरच्या अर्जावरची तारीख तिला पाठ होती. त्याच दिवशी तिला याच कचेरीतून फोन आला होता, एक जागा रिकामी झालीय, उद्या हजर व्हा. ती घरभर नाचली होती. आई म्हणाली होती, "जी कोण पोर जागा सोडून गेली असेल तिचं भलं होवो." ते भलं झालेलं अक्षर आता तिच्यासमोर होतं. बारीक, डावीकडे कललेलं, रकान्याच्या रेघेवर दोनदा गिरवलेलं.

"बाई, तुम्ही हे सगळं बघत होता?"

बाईंनी वर पाहिलं नाही. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. मी टाचणी लावते. मला पेन्शनीला दोन वर्षं राहिलीत." मग त्यांनी प्रतीक्षायादी पुढ्यात ओढली आणि फोन लावला. जागा रिकामी झाली की त्याच दिवशी भरायची, हा तिथला शिरस्ता.

तो जुना फोन. पलीकडचं बोलणं चार टेबलं ओलांडून ऐकू यायचं.

"खरंच? मला मिळाली? आई गं! आई, अगं इकडे ये लवकर!" पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला, कुणीतरी हसलं. पोर धापा टाकत पुन्हा फोनवर आली. "मॅडम, ज्या ताईंनी जागा सोडली ना, त्यांना माझ्याकडून थँक्यू सांगा हं. प्लीज."

दीड वर्षापूर्वी तिनेही हेच म्हटलं होतं. अगदी हेच, त्या 'प्लीज'सकट.

घड्याळात पावणेचार झाले. शिक्का टेबलावर होता, शाईची डबी उघडी होती. दहा मिनिटांत ती सुटली असती. तिला सुटायचं होतं, मनापासून सुटायचं होतं. त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नव्हतं.

तिने फाईल ओढून घेतली. 'कौटुंबिक'वर आडवी रेघ मारली आणि त्याखाली लिहायला लागली. खोलीचा नंबर. कडी. सरांचं पूर्ण नाव. रकाना पुरेना, तेव्हा कागद उलटून मागे लिहू लागली.

"हॅलो? मॅडम? मग मी उद्या सकाळी येऊ ना?"

टाचणीबाईंनी चालत्या पेनाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग तोंडातली टाचणी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"नको येऊस, बाळ. जागा रिकामी झालेली नाही."