काचेवरचं कुंकू

दिवाळीआधी भिंतीवरचे जुने फोटो पुसताना नात ओरडली, "आबा, तुमच्या द्वारकाआत्याच्या काचेवरचा डाग निघाला!"

"डाग नव्हे गं, कुंकू ते. आत्या विधवा झाली, तरी माझ्या आजोबांनी तिला कुंकू लावायला सांगितलं. फोटोवाल्यानं शहाणपणा करून ते फोटोतून खोडलं. मग आत्यानंच काचेवर बोट टेकवलं. तेव्हापासून दर दिवाळीला घरातली सून ते लावते."

"म्हणजे आई!"

सून दारातच थबकली. माझा मुलगा गेल्यापासून आठ महिने तिचा करंडा कपाटात होता. सुधारकांच्या घरातला मी, पण तिला काही बोललो नव्हतो.

तिनं करंडा आणला, काचेवर बोट टेकवलं.

"आई, बोटाला उरलंय की अजून!"

मी काही बोलायच्या आत तिनं ते कपाळाला लावलं.