रोडग्यांची वर्गणी

पिंपळगाव राजाच्या एका गल्लीत दर हिवाळ्यात रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसायची, आणि वर्गणी गोळा करायचं काम कायम कुलदीपकडे. यंदा मात्र नारायणरावांच्या डोक्यात किडा शिरला. त्यांच्या बायको रुक्मिणीबाई नळावरून ऐकून आल्या होत्या, की कुलदीप वर्गणीतले पैसे खातो. झालं! मागच्या वर्षीचं वरण पातळ का होतं, रोडग्यांवर तूप का कमी पडलं आणि कुलदीपच्या दारात नवी मोटारसायकल कुठून आली, याचा नारायणरावांना एकदम उलगडा झाला.

गल्लीच्या बैठकीत ते ताडकन उभे राहिले. "कुलदीप, मागचा सगळा हिशोब दे. नाहीतर यंदाची वर्गणी मी गोळा करतो!"

"तुम्हीच करा काका," म्हणत कुलदीपनं खाली मान घालून पावतीपुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि तो निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, नारायणरावांनी ओळखलं.

मग ते आठवडाभर दारोदार फिरले. कुणी "उद्या या" म्हणालं, कुणी आतून कडीच काढली नाही. पंजाबरावांनी तर तोंडावर विचारलं, "काऊन हो, हे काम मागून घेतलं तुम्ही? काही सुटते वाटते यात!"

संध्याकाळी नारायणराव दमूनभागून घरी आले. समोरच्या ओट्यावर कुलदीप पाय पसरून निवांत चहा पीत होता. त्याच्याकडे बघत त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "काय वं, कुलदीप पैसे खाते म्हणून तुले नळावर कोनं सांगतलं होतं?"



"कोनं म्हंजे? त्याच्या बायकोनंच!"