पेटी मागून येतेय

"पेटी कुठाय?" सोतिरिस गाडीतून पुरता उतरायच्या आतच स्तामाता आत्याने विचारलं.

"मागून येतेय, आत्या. विमानाच्या मालात."

हे खोटं त्याने घाटाच्या शेवटच्या वळणावर ठरवलं होतं. त्याची बायको कोलीन डोंगराकडे बघत राहिली. तिला ग्रीक फारसं येत नव्हतं, पण नवरा खोटं बोलतोय हे कळायला भाषा लागत नाही.

पेटी म्हणजे सोतिरिसच्या वडिलांच्या हाडांची. अनार्गिरोसने उभा जन्म मेलबर्नमध्ये काढला आणि तिथेच तो वारला. गावची रीत अशी, की माणूस पुरल्यावर काही वर्षांनी त्याची हाडं वर काढायची, वाइनने धुवायची आणि पेटीत घालून अस्थिघरात आईबापांच्या शेजारी ठेवायची. आत्याने भावासाठी फळीवर जागा राखली होती. फोनवर ती दर वेळी विचारायची, "काढली का रे हाडं?" आणि सोतिरिस म्हणायचा, "काढतोय, आत्या."

काढणार कुठून? त्याने वडिलांना जाळलं होतं.

कोलीनच्या माहेरी तीच पद्धत होती, काम चटकन उरकतं, आणि त्या आठवड्यात सोतिरिसच्या दुकानात मालाची मोजणी होती. "जन्मभर परसात काही ना काही जाळतच होते की ते," कोलीन तेव्हा म्हणाली होती. तेही खरंच होतं. गॅरेजवर चढवलेल्या द्राक्षवेलीच्या काड्या छाटून म्हातारा दर हिवाळ्यात पत्र्याच्या पिंपात जाळायचा, आणि शेजारी धुराच्या तक्रारी करायचे.

दहनगृहाचा कलश दुरूनही ओळखू आला असता. म्हणून निघताना सोतिरिसने राख वडिलांच्या निळ्या डब्यात ओतली. गावाला जाताना म्हातारा दर खेपेला तो डबा बरोबर न्यायचा. निदान स्वतःच्या डब्यातून जातील, असं सोतिरिसने मनाशी म्हटलं. त्याला तेवढ्यापुरतं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्री थोदोसिस त्यांना अस्थिघर दाखवायला घेऊन गेले. सोतिरिसच्या मुलीला, फीबीला, पेट्यांवरचे फोटो फार आवडले. सोतिरिसच्या आजी-आजोबांच्या पेट्यांमधली मोकळी जागा पुसून लख्ख केलेली होती आणि तिथे भरतकाम केलेला पांढरा रुमाल अंथरला होता.

"अथेन्सकडे हल्ली जाळायलासुद्धा लागलेत," पाद्रीबाबा म्हणाले. "अशांसाठी मी प्रार्थनेचा एक शब्द तोंडातून काढत नाही. पेटी कधी येते म्हणालास?"

"उद्यापर्यंत," सोतिरिस म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाला थोपवताना असतो तसा वाटला.

परत आले तर आत्याने सगळ्यांच्या बॅगा उपसून ठेवल्या होत्या. कपडे धुऊन वाळत घातले होते, फीबीच्या जीन्सला कडक इस्त्री झाली होती. पाहुण्याचे कपडे बॅगेत राहणं म्हणजे घराला बट्टा, असं तिचं मत होतं. सोतिरिस धावत खोलीत गेला. निळा डबा कपाटात होता, पुसलेला, झाकण घट्ट. हात लावायचं धैर्य त्याला झालं नाही.

अंगणात आत्या द्राक्षाच्या रसाचा हंडा उकळत बसली होती. दोरीला बांधलेली कापडाची पुरचुंडी ती रसात बुडवत होती, वर काढत होती.

"आत्या, मला तुझ्याशी बोलायचंय."

"उद्या बोल. आत्ता फेस काढतेय."

त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाद्रीबाबा आले, शेजारची वासो आली. जेवणानंतर आत्याने मुस्तालेव्रियाच्या वाट्या मांडल्या. त्याच रसात पीठ शिजवून केलेली, वर अक्रोड आणि दालचिनी. मेलबर्नमध्ये म्हातारा हिच्याच नावाने उसासे टाकायचा.

"आमचा रस यंदा गढूळच राहिला," वासो म्हणाली. "तुझा एवढा नितळ कसा गं?"

"पाहुण्यांचा पायगुण," आत्या म्हणाली आणि सोतिरिसकडे बघून गालातल्या गालात हसली.

फीबीने दोन वाट्या संपवल्या. पाद्रीबाबा तिसरीवर होते. "अनार्गिरोस असता तर हंड्यातच बसला असता," ते म्हणाले.

कोपऱ्यात हाडं धुवायला वाइनचं घंगाळ तयार होतं. सोतिरिसची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती. त्याने आपली वाटी चाटूनपुसून संपवली, आणि मग बोलायला दुसरं काही उरलंच नाही.

"आत्या, पेटी येणार नाही."

"का? हरवली?"

"पेटी नव्हतीच. आम्ही बाबांना पुरलं नाही. जाळलं."

पाद्रीबाबांनी हातातल्या चमच्यासकट छातीवर क्रूस काढला. वासो खाली बघू लागली. आत्या बराच वेळ त्या घंगाळाकडे पाहत राहिली. रागावली असती तर सोतिरिसला सोपं गेलं असतं.

"म्हणजे आता तो कुठेच नाही?" तिने विचारलं.

"आहे. राख आणलीये मी. तुला सांगायची लाज वाटली म्हणून त्यांच्या निळ्या डब्यात भरली."

आत्याने आपली वाटी हळूच टेबलावर ठेवली.

"सोतिरिस, तुझा बाप त्या डब्यातून इथे काय आणायचा, ठाऊक आहे तुला?"

"नाही. कधी विचारलं नाही."

"त्याच्या वेलीच्या काड्यांची राख. पुरचुंडीत बांधून उकळत्या रसात सोडली, की सगळा गाळ खाली बसतो. काल बॅगेत डबा दिसला, म्हटलं पोराने बापाची आठवण ठेवली." तिने ओठ पदराने पुसावेत तसे ॲप्रनने पुसले. "दोन ओंजळी घातल्या मी."