चिमूटभर साखर

“माझ्यामागं औदुंबराखालच्या मुंग्यांना रोज चिमूटभर साखर घालत जा गं, शाल्मली,” आत्या शेवटच्या दिवशी म्हणाली होती.

प्रवेशकेंद्राच्या पडद्यावर नेमकी तीच आठवण सर्वांत वर आली. कॉलेजच्या अर्जासोबतच्या निबंधाला आता शब्द चालत नसत, अख्खी आठवणच काढून द्यावी लागे.

“हीच दे, प्रवेश पक्का,” केंद्रातल्या चित्राताई म्हणाल्या. “दिली की मनातून कायमची जाईल, एवढंच.”

“मग साखरेचं मला कोण सांगणार?”

“मुंग्या काय तक्रार करायला येणारेत?”

देवाचं नाव घेऊन शाल्मलीनं दुसरीच आठवण पुढे केली. स्नेहसंमेलनात संवाद विसरून ती रडत पळाली होती, आणि दुसऱ्या दिवशी तोच संवाद तिनं वर्गासमोर म्हणून दाखवला होता.

हिरवा दिवा लागला.

“घेतली बाई कॉलेजनं!”

“ताई, मी दिलं तरी काय?”

“ते आता त्यांनाच ठाऊक.”

शाल्मलीनं भीत भीत मनात आत्याला हाक मारली. आवाज जसाच्या तसा आला. तिचे डोळे भरले. कोपऱ्यावरच्या दुकानातून साखरेची पुडी घेऊन तिनं औदुंबराची वाट धरली.