वर्कशॉपची लाइन

"वर्कशॉपला दोन लाइन पाहिजेत, आणि दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेल्या," थोरले म्हणाले. "एकाच चरातून दोन वायरी ओढाल आणि त्याला बॅकअप म्हणाल, तर ते आपल्याकडे चालायचं नाही."

इंटरनेट कंपनीच्या सेल्समनने आदराने मान हलवली आणि टॅबवर तशी नोंद केली. धंदा चष्म्यांचा होता आणि दोन भावांचा. चार दुकानं धाकटे बघत, काचा घासायचं वर्कशॉप थोरले बघत. दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर काढायचा, तो फोनवरून वर्कशॉपला सांगायचा, आणि उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसली की त्याच फोनवरून एकमेकांचा उद्धार करायचा, अशी आजवरची पद्धत. आता पाचही जागा एका नेटवर्कने जोडायच्या होत्या. त्यासाठी एका दुकानाच्या मागच्या खोलीत ही बैठक.

महिन्यापूर्वीपर्यंत नेटवर्क म्हणजे मोबाइलच्या कोपऱ्यातल्या दांड्या, एवढीच थोरल्यांची समजूत होती. मग त्यांच्या मुलीने त्यांना शेजारी बसवून शिकवलं. धंद्यातलं कॉम्प्युटरचं सगळं तीच बघायची, म्हणून आज बैठकीलाही होती. थोरले शिकले, आणि उशिरा लग्न झालेल्या माणसाच्या उत्साहाने ब्रॉडबँडच्या मागे लागले. जेवताना ते बायकोला अपलोड आणि डाउनलोडमधला फरक समजावत. ती म्हणे, आधी भाजी डाउनलोड करा.

सकाळीच त्यांनी एक कंपनी घालवून दिली होती. ती स्वस्त होती, पण लाइन तुटली तर माणूस कधी येईल या प्रश्नावर तिचा प्रतिनिधी नुसता हसला होता. "दुकान बंद पडलं तर गिऱ्हाईक उद्या येईल," थोरल्यांनी त्याला ऐकवलं होतं. "वर्कशॉप बंद पडलं तर चारही दुकानं हात चोळत बसतील."

धाकट्यांनी यावर चक्क मान डोलावली होती. एक दात दुखत असताना, दोन काढले तर किती कमी घ्याल, असं डॉक्टरला विचारणारा हा माणूस. आज त्यांनी महागडी कंपनी मान्य केली, वर्कशॉपची दुसरी लाइन मान्य केली, बिघाड झाला की त्याच दिवशी दुरुस्ती, हेही मान्य केलं. आपलं म्हणणं पटलं, असं थोरल्यांना वाटलं. चाळीस वर्षांत प्रथमच पटलं होतं, म्हणून त्यांनी सर्वांसाठी आणखी एकदा चहा मागवला.

"आता फक्त मुदत," सेल्समन म्हणाला. पाचही जागांचा करार तीन वर्षांचा केला तर सगळ्याच बिलांवर घसघशीत सूट होती. मधे लाइन तोडता येणार नाही, एवढीच अट.

"दुकानांना तीन वर्षं करा," धाकटे म्हणाले. "वर्कशॉपला एक."

आपण नीट सांगितलं नाही असं वाटून सेल्समनने पुन्हा समजावलं. एक जागा जरी वगळली तरी सूट कुठल्याच जागेला मिळणार नव्हती.

"राहू दे सूट," धाकटे म्हणाले.

थोरले हसले. याला ताप आलाय का बघ गं, असं मुलीला म्हणाले. ती लॅपटॉपकडे बघत होती. लॅपटॉपचा पडदा केव्हाच काळा झाला होता.

"अगं, सांग तुझ्या काकाला. एका वर्षाने काय आपण काचा घासायच्या सोडणार आहोत?"

धाकट्यांनी मुलीकडे बघितलं. ती नजर थोरल्यांच्या ओळखीची होती. लहानपणी घरात काही फुटलं की वडिलांना कोणी सांगायचं, हे धाकटे त्याच नजरेने ठरवत. तेव्हा ती नजर थोरल्यांकडे वळे.

"बाबा," मुलगी म्हणाली, "बाहेरून तयार काचा दोन दिवसांत येतात. सगळे तसंच करतात आता."

थोरल्यांनी कप बशीत ठेवला. मशिनींचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. माणसांचं काय, हेही नाही.

"मग मला महिनाभर शिकवलंस ते?"

"तुम्ही रमला होतात."

दुसरी लाइन कशी मान्य झाली, ते आता त्यांच्या लक्षात आलं. हट्ट करणाऱ्याला गाडीत खिडकीची जागा देतात, तशी.

खोलीत आपल्यालाच सगळ्यात कमी माहिती आहे, हे ओळखून सेल्समन बराच वेळ टॅब पुसत होता. मग, वर्षानंतर मुदत केव्हाही वाढवता येते सर, असं तो थोरल्यांकडे बघून म्हणाला. सबंध बैठकीत त्यांना सर म्हणणारा तो एकटाच होता. आता एकच रकाना उरला होता. वर्कशॉपला कंपनीचा माणूस आला तर फोन कोणाला करायचा?

"दादाचाच नंबर घाला," धाकटे घाईने म्हणाले. "वर्कशॉप दादाचंच आहे."

"माझा नको," थोरले म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता, काचेवर चरा आहे म्हणून परत पाठवताना असायचा तसा. "लाइन काढून न्यायला येतील, तेव्हा कुलूप कोण उघडणार आहे, त्याचा घाला."

सेल्समनने टॅबवर बोट टेकवलं आणि वाट बघितली. धाकटे खिडकीबाहेर बघू लागले.

मुलीने स्वतःचा नंबर सांगितला. एकेक आकडा सुटा करून, चुकू नये म्हणून.