न उमटलेला अंगठा

“पुन्हा पुसा, मावशी.”

गोदाबाईने अंगठा पदराला पुसला आणि यंत्राच्या काचेवर दाबला. लाल दिवा लागला. पाचव्यांदा.

“साबणाने धुऊन येऊ का?”

“या.”

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तो माणूस सकाळी हडपसरच्या वस्तीत आला, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गोदाबाईच भेटली होती. टाळेबंदीची सरकारी मदत खात्यात जमा करायचीय, आधार कार्ड आणि अंगठा हवा, एवढंच तो म्हणाला. गोदाबाईने घरातली एकुलती एक खुर्ची त्याला बसायला दिली आणि दारोदार जाऊन बायकांना हाका मारल्या.

शेजारची प्रेमला तेवढी कुरकुरली. “कोण कुठला हा?”

“पिन विचारत नाही, ओटीपी विचारत नाही. अंगठा काय कापून नेणारे?” गोदाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

बावीस जणींचे अंगठे उमटले. त्यातल्या हिराने विचारलंसुद्धा, “लेकीच्या लग्नाचे पैसे याच खात्यात आहेत. चालेल ना?”

“उत्तम,” तो म्हणाला.

गोदाबाईचा मात्र उमटेना. वीस वर्षं मार्केट यार्डात लसूण सोलून बोटांवरच्या रेघा गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातही हीच रड.

“दादा, काहीतरी करा हो. घरात कमावणारी मी एकटी.”

दहाही बोटं लावून झाली. त्याने यंत्र पिशवीत टाकलं. “तुमच्या नशिबात नाही, मावशी.” तिने केलेला चहा पिऊन तो गेला.

त्या दिवशी गोदाबाईला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी हिरा बँकेतून रडतच आली. आधार नंबर आणि अंगठ्याच्या ठशावर कुणीतरी तिचे पैसे काढून घेतले होते. मग एकेकीचं पासबुक निघालं. बावीसही खाती रिकामी. गोदाबाईने धावत जाऊन आपलं पासबुक भरून आणलं. सहा हजार दोनशे, जागच्या जागी. तिने ते कपाळाला लावलं.

हिराला धरून गोदाबाईही सगळ्यांबरोबर पोलीस चौकीत गेली. हवालदार एकेकीची तक्रार लिहून घेत होता. हिराचं झालं.

“आणि तुमचे किती गेले?”

“माझे नाही गेले, साहेब. माझा अंगठाच लागला नाही.”

हवालदाराचं पेन थांबलं.

“साहेब,” प्रेमला म्हणाली, “तो बसला होता ती खुर्ची हिच्याच घरची.”